कराटे, तायक्वांदो की ज्युदो? आधी वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची, मुलगा अकराचा आणि जरा बुजरा. तुम्हा दोघांनाही मुलांसोबत शिकायचंय. घराजवळ कराटे, तायक्वांदो आणि ज्युदो असे तीन क्लास आहेत, तर यातलं काय निवडावं?

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला एका क्लासला घातलं. क्लास जवळ होता आणि तिथे भिंतभर ट्रॉफ्या होत्या, एवढ्यावरच ठरवलं. वर्षभराने क्लासच्या दिवशी सकाळपासून त्याचं पोट दुखायला लागायचं. कारण कळायला मला फार उशीर लागला. जो चुकेल किंवा रडेल त्याला तिथे सगळ्यांसमोर मुठींवर जोर काढायला लावायचे आणि बाकीच्या मुलांना मोठ्याने आकडे मोजायला सांगायचे. पालकांना आत बसायची परवानगी नव्हती, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलंच नाही. नंतर त्याला ज्युदोला नेलं. तिथे मी कोपऱ्यात बसून बघायची, आणि काही महिन्यांनी मीही मॅटवर उतरले. आता नऊ वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा लहान मुलांच्या वर्गात मदतीला असते.

म्हणून माझं उत्तर असं आहे की कला शेवटी ठरवा. आधी शिकवणारा माणूस बघा.

ज्युदो म्हणजे समोरच्याला धरून पाडायची कला. तिचंच उदाहरण देते, कारण ते मला जवळचं आहे आणि त्याबद्दल मनाला लागूनही राहिलं आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदोची स्थापना केली. त्याच जपानमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेकांच्या डोक्याला मार बसला होता, आणि त्यांत नुकती शिकायला लागलेली, पहिल्या वर्षातली मुलं पुष्कळ होती. नीट पडता येण्याआधीच त्यांना जोरात आपटलं गेलं होतं. फ्रान्समध्येही ज्युदो शिकणारी मुलं लाखांनी आहेत, पण तिथलं चित्र असं नाही. तिथे पैसे घेऊन ज्युदो शिकवायचं असेल तर सरकारमान्य पदविका लागते. दोन्हीकडे डाव तेच आणि नियमही तेच आहेत. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या हट्टापायी एवढ्याशा मुलांची वजनं उतरवली जात होती. तेव्हा 'ज्युदो सुरक्षित आहे का' किंवा 'कराटे चांगलं का' या प्रश्नांना एकच एक उत्तर नसतं. ते त्या हॉलमध्ये कोण उभं आहे यावर ठरतं.

आता बघायचं काय ते सांगते. पहिल्यांदा मुलांना न घेता, साध्या दिवशी जा. प्रात्यक्षिकाच्या किंवा बक्षीस समारंभाच्या दिवशी जाऊन काही कळत नाही. पूर्ण तास बसा. सगळ्यात चपळ मुलाकडे आपलं लक्ष आपोआप जातं, ते मुद्दाम काढून घ्या आणि वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल शोधा. ते लठ्ठ असेल, उजवं-डावं चुकत असेल, रांगेत मागे मागे राहत असेल. त्या मुलाशी शिक्षक कसे वागतात? त्याचं नाव त्यांना ठाऊक आहे का? ते चुकलं की गुडघ्यावर बसून त्याचा पाय नीट ठेवून देतात, की लांबून ओरडतात? त्याला जोडीदार म्हणून कोणाला देतात? चांगल्या वर्गात एखादा समजूतदार, जुना विद्यार्थी त्याच्याबरोबर दिलेला असतो. आणि बाकीची मुलं त्याला हसतात का, हे तर नक्की बघा. मुलं शिक्षकांचंच बघून शिकतात. तुमचा मुलगा बुजरा आहे, म्हणजे पहिले सहा महिने तो त्याच कोपऱ्यात उभा असणार. त्या मुलाशी तिथे जे होतंय ते उद्या तुमच्या मुलाशी होईल.

दुसरी गोष्ट, थांबण्याची. ज्युदोत पकड असह्य झाली की हाताने दोनदा थोपटायचं, समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. प्रत्येक कलेत असा काही ना काही संकेत असतो. मूल 'बस' म्हणाल्यावर खरंच थांबतात का ते पाहा. 'थोडं सहन कर, रडू नकोस' असं ऐकू आलं तर उठून या. पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या खांद्यावर दाब देऊन त्याला खाली ढकलताना दिसले, किंवा शिक्षा म्हणून पाणी पिऊ दिलं नाही, तरीही. यातल्या कशालाही शिस्त म्हणत नाहीत. शिस्तीचा वर्ग मला शांतपणावरून ओळखू येतो: मुलं रांगेत नीट येतात, वाकून नमस्कार करतात, आणि शिक्षकही त्यांच्यासमोर तितकंच वाकतात.

ज्युदोच्या किंवा फेकाफेकीच्या कुठल्याही कलेच्या क्लासला गेलात तर विचारा, पडायला किती दिवस शिकवता? उकेमी म्हणजे पडण्याची पद्धत. हनुवटी छातीला लावून ठेवायची, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, हाताने मॅटवर थाप मारून झटका पसरवायचा. आमच्याकडे नवं मूल आधी बसून, मग उकिडवं होऊन, मग उभ्याने पडायला शिकतं, आणि कित्येक आठवडे त्याला कोणी फेकत नाही. पहिल्याच तासाला मुलांची कुस्ती लावून देणारा क्लास पालकांना भारी वाटतो, पण मला तिथे भीतीच वाटेल.

लाथा-ठोशांच्या कलांमध्ये, म्हणजे कराटे-तायक्वांदोत, हाच प्रश्न स्पारिंगबद्दल, म्हणजे जोडीने लढण्याच्या सरावाबद्दल विचारायचा. कितव्या वर्षापासून, किती महिन्यांनी, किती जोराने? डोक्याला स्पर्श चालतो का? 'हेल्मेट असतं ना' हे उत्तर पुरेसं नाही. मऊ हेल्मेटने खरचटणं वाचतं, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने टळतो असा भरवसा देता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या अहवालात पालकांना याबाबत सावध केलं होतं. डोक्याला मार लागला तर काय करता, हेही विचारा. त्या दिवशी मूल मॅटवर परत जाणार नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा सुरू करेल, एवढं सरळ उत्तर यायला हवं. 'आमच्याकडे कधी कोणाला लागत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा लागल्यावर काय करतो ते सांगणारा शिक्षक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

बेल्टचं थोडक्यात. काळा बेल्ट मुळात ज्युदोतून आला, आणि मधले बरेचसे रंग पुढे युरोपात रूढ झाले. लहान मुलांना मधले टप्पे लागतात, त्यात वावगं काही नाही. पण 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी' कोणी देत असेल तर फी भरू नका. ऑलिंपिकमध्ये असलेल्या प्रकारच्या तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण काळा बेल्ट देतच नाहीत, त्याला 'पूम' म्हणजे अर्धा लाल, अर्धा काळा बेल्ट मिळतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू ही जमिनीवरच्या पकडींची कला, तिच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत सोळाव्या वर्षाआधी निळा बेल्ट नाही आणि एकोणिसाव्या वर्षाआधी काळा नाही. ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, वर्षातून किती वेळा होतं, त्याची फी वेगळी आहे का, आणि मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे आधीच लेखी घ्या. वर्षभराची फी एकरकमी मागत असतील तर पहिला महिना तरी सुटा मागा.

यापेक्षा किती तरी महत्त्वाचं म्हणजे दार उघडं आहे का. पालकांना कधीही येऊन बसता आलं पाहिजे. कपडे बदलायची खोली वेगळी हवी. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, मुलांना परस्पर मेसेज पाठवणार नाही, असा नियम तिथे आहे का ते तोंडावर विचारा. विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण ज्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे मुलं सोडू नका. आणि पकड शिकवताना हात कुठे लागतात हे चांगले शिक्षक मुलांना आधी सांगून, विचारून मगच दाखवतात.

स्वसंरक्षणासाठी म्हणून शिकवायचं असेल तर एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ऑलिंपिकच्या ज्युदोत पुरुषांचे सात आणि स्त्रियांचे सात वजनगट आहेत. जगातले सर्वोत्तम खेळाडूसुद्धा सहसा दुप्पट वजनाच्या माणसाशी लढत नाहीत. मग सात वर्षांची मुलगी मोठ्या माणसाला लोळवेल असं सांगणारा क्लास तिला खोटा धीर देतो, आणि तो घातक आहे. त्या वयात मोठ्याने ओरडणं, हात सोडवून पळणं आणि घरी येऊन सांगणं शिकवलं पाहिजे. जे शिक्षक याचा सराव करून घेतात, ते नीट शिकवतात.

आता चौघांनी मिळून शिकण्याबद्दल. ही कल्पना फार छान आहे, पण 'फॅमिली बॅच' म्हणजे नक्की काय ते बघून घ्या. वॉर्म-अप, काता (म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली), पडण्याचा सराव हे एकत्र चांगलं होतं. प्रत्यक्ष झुंजीच्या वेळी मात्र मुलांना त्यांच्या वयाचे आणि वजनाचे जोडीदार मिळायला हवेत आणि तुम्हाला तुमचे. आणखी एक गोष्ट मी ठेच लागून शिकले. मॅटवर आपल्या मुलाला आपण शिकवायचं नाही. तिथे शिक्षक एकच. मी सारखी 'पाय असा नाही, असा' करायची, आणि माझा मुलगा माझ्याकडे बघत बघत सराव करायचा. शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा थांबले. त्यानंतर महिन्याभरात तो मोकळा झाला. मला एखादा डाव महिनोन्‌महिने जमत नव्हता आणि तरी मी येत होते, हे तो रोज बघत होता. त्याचा त्याच्यावर किती परिणाम झाला हे त्याने पुष्कळ नंतर सांगितलं.

तिन्ही कला तुमच्या मुलांना कशा मानवतील याचा माझा अंदाज सांगते. बुजऱ्या मुलाला कराटेचा काता बरा पडू शकतो, कारण तो एकट्याने, आपल्या गतीने करता येतो. १९०१ च्या सुमारास ओकिनावात कराटे शाळेतल्या मुलांपर्यंत नेणाऱ्या आंको इतोसू यांनी पुढे त्यांच्यासाठी सोपे काता बसवले, ते अजून चालू आहेत. उलट काही बुजरी मुलं ज्युदोत लवकर खुलतात, कारण दर तासाला कोणाला तरी धरावंच लागतं. माझा मुलगा त्यातला. तायक्वांदो उड्या आणि लाथांचं, सात वर्षांच्या उत्साही मुलीला बहुधा लगेच आवडेल. तुमच्यापैकी कोणाचा गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर कोणत्याही कलेआधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगून ठेवा.

तिन्ही ठिकाणी मुलांना एकेक चाचणी तास करू द्या. परत येताना 'आवडलं का?' विचारू नका, मुलं हो म्हणून मोकळी होतात. 'तिथे कोणाचं नाव कळलं?' आणि 'तू चुकलास तेव्हा काय झालं?' असं विचारा. गणवेश पहिल्या दिवशी घेऊ नका, महिनाभर साधी ट्रॅकपँट चालते. फक्त चेन, कानातलं, कडं काही घालू नका आणि चौघांचीही हातापायांची नखं कापलेली असू द्या.