बाईकच्या पेट्रोल टाकीखाली दडलेला स्पार्क प्लग घरी बदलता येतो का?

येतो, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम ॲल्युमिनियम हेडमधून (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) प्लग ओढलात तर आटे खराब होऊ शकतात. प्लग सैल करण्याआधी त्याच्या भोवतीच्या खोलगट जागेतली धूळ-वाळू हवा मारून उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. (बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.)

खरी कसरत नवा प्लग लावताना. हात पोचत नाही म्हणून सुरुवातच पान्याने करू नका. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे तिरके लागले तर नळी नुसती घसरते, हेड वाचतं. हाताने पूर्ण बसला की मग प्लगपान्याने साधारण अर्धा फेरा. प्लगचा वॉशर नवा असेल तर तेवढा पुरतो.