ओटीपी कुणाच्या खिशात जातो?

मागच्या अंकात ऑनलाइन कोर्स, घरून नोकरी आणि त्या दोन्हींसाठी लागणारी डिजिटल ओळख यावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बरीचशी फिरून फिरून एकाच दुखण्यावर येतात, मार्कशीट माझी, कोर्स मी केला, नोकरी मी करणार, पण लॉगिन भलत्याच्या हातात. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न: मी वैजापूर तालुक्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकरावीपासून माझे सगळे फॉर्म नेट कॅफेवाल्या दादाने भरले. स्कॉलरशिप, डिजिलॉकर, एबीसी आयडी, सगळीकडे त्याचाच मोबाईल नंबर आणि त्यानेच काढलेला जीमेल. आता तो दुकान बंद करून पुण्याला गेला, फोन उचलत नाही. मला स्वयम या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स करायचाय, त्याचे क्रेडिट नक्की कुठे जमा होणार? – एक विद्यार्थिनी

उत्तर: आधी घाबरू नकोस. तुझे क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) त्या दादाला काढून घेता येत नाहीत. एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक यूजीसीने 2021 मध्ये सुरू केली, त्यात क्रेडिट टाकतं ते तुझं कॉलेज किंवा विद्यापीठ, तू पण टाकू शकत नाहीस आणि तो पण नाही. स्वयमचे कोर्स एका सेमिस्टरमध्ये 40 टक्क्यांपर्यंत चालतात, पण कॉलेजने तो कोर्स मान्य केलेला पाहिजे, त्यामुळे फी भरायच्या आधी विभागप्रमुखांना विचारून घे, नाहीतर सर्टिफिकेट येतं आणि क्रेडिट येत नाही.

आता खरं काम. तुझ्या सगळ्या खात्यांच्या मुळाशी आधार आहे आणि आधारच्या मुळाशी एक मोबाईल नंबर. आधारच्या वेबसाईटवर तुझा नंबर लिंक आहे का ते तपासायची सोय आहे, ते बघ. तिथेही त्याचाच नंबर निघाला तर बाकी काही करत बसू नकोस, आधी स्वतःच्या नावावर सिम घे (बाबांच्या नावावरचं नको, तुझं वय झालंय) आणि आधार केंद्रात जाऊन नंबर बदल. त्याला कागदपत्र लागत नाही, अंगठा लागतो आणि 75 रुपये. नंबर बदलला की डिजिलॉकरला आधारच्या ओटीपीने शिरता येतं, मग तिथला सहा आकडी पिन बदल, मोबाईल बदल, मेल बदल. एबीसीचा बारा आकडी नंबर तुला तिथेच दिसेल. स्कॉलरशिपच्या पोर्टलवर मात्र वेगळं लॉगिन असतं, ते सुटत नसेल तर कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्ककडे जा आणि लेखी अर्ज दे, तोंडी सांगून ती माणसं विसरतात.

त्या जीमेलच्या मागे लागू नकोस. ते खातं त्याचं आहे असं समज, स्वतःचं नवीन काढ आणि एकेक पोर्टलवर मेल बदलत जा.

हे सगळं लवकर कर म्हणतोय त्याला कारण आहे. पुण्याला गेल्यावर त्याने ते जुनं सिम बंद केलं तर टेलिकॉम कंपनी तो नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, मग तुझ्या डिजिलॉकरचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजणार. आणि एक, आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची हिस्टरी ऑनलाइन बघता येते, कमाल 50 नोंदी दिसतात. बघून घे. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर आधारच्या हेल्पलाइनला, 1947 ला फोन.

कॅफेवाल्यांना शिव्या द्यायचा माझा मूड नाही. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता सर्व्हर डाऊन असताना पोरांचे फॉर्म तीच माणसं भरतात, आणि पोरांकडे मेल आयडीच नसतो तर ते तरी काय करणार. पण अख्ख्या कॉलेजचे पासवर्ड एका वहीत लिहिलेले मी बघितलेत, वही काउंटरवर उघडी. फॉर्म त्याच्याकडून भरून घ्यावा, खुशाल घ्यावा, नंबर आणि मेल मात्र आपला सांगावा आणि पासवर्ड टाकायच्या वेळी कीबोर्ड आपल्याकडे घ्यावा, त्याला राग येत नाही.

प्रश्न: लग्न होऊन नऊ वर्षं झाली. मार्कशीटवर माहेरचं नाव, तेही आडनाव आधी. आधारवर सासरचं. पॅनवर माहेरचंच राहिलं. आता घरून काम मिळालंय पण कंपनीच्या तपासणीत नाव जुळत नाही म्हणून अडकलंय. सगळीकडे सासरचं करू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, सगळीकडे सासरचं करायचा कायदा कुठेच नाही, ते आधी मनातून काढा. तपासणीवाल्यांना नाव कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं, त्यांना दोन नावांची बाई एकच आहे याचा कागद हवा असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात ऑनलाइन देता येते, ती आयुष्यभर कामाला येते.

मार्कशीट बदलायच्या फंदात पडू नका. बोर्ड आडनाव आधी छापतं, आधारवर आडनाव शेवटी असतं, हे अख्ख्या महाराष्ट्राचं रडगाणं आहे आणि तपासणी करणाऱ्यांना ते माहीत असतं, परदेशी कंपनी असेल तर एका मेलमध्ये दोन ओळी समजावून द्या. पण आधार, पॅन आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) या तिघांवर एकच नाव पाहिजे म्हणजे पाहिजे, नाहीतर उद्या पीएफ काढताना रडाल. कुठलं नाव ते तुम्ही ठरवा. नीट विचार करून ठरवा कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि तुमचं एकदा बहुतेक लग्नात वापरून झालंय.

ऑनलाइन कोर्सला नाव टाकताना पण तेच ठरवलेलं नाव टाका. एनपीटीईएल या आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्ससारख्या ठिकाणी रजिस्ट्रेशनला जे टाकलं तेच सर्टिफिकेटवर छापून येतं, आणि घाईघाईत बाळाच्या आईने स्वतःचं नुसतं पहिलं नाव टाकलेलं मी पाहिलंय, ते सर्टिफिकेट कुठल्याच एचआरला पटत नाही. (1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्याकडे आईचं नाव पण लागतं, म्हणजे मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. चांगलंच झालं, पण परदेशी फॉर्ममधल्या मधल्या नावाच्या एका रकान्यात ही पोरं पुढे काय भरणार देव जाणे.)

प्रश्न: डेटा लेबलिंगचं वर्क फ्रॉम होम मिळतंय. इंटरव्ह्यू चॅटवरच झाला. ऑफर लेटरच्या आधी आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, कॅन्सल चेक आणि कार्ड हातात धरून सेल्फी व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलाय. देऊ? – कोल्हापूर

उत्तर: नको.

हे छापून थांबणार होतो पण संपादक म्हणाले कारण द्या. आधार, पॅन आणि हातात कार्ड धरलेला फोटो एवढ्या ऐवजावर तुझ्या नावाने कर्जाचा अर्ज करता येतो, आणि बँक खातं दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं गेलं की पोलीस तुझ्या दारात येतात, त्या कंपनीच्या नाही, कारण ती कंपनी नसतेच. खरी कंपनी आधी ऑफर देते, मग कंपनीच्या मेलवरून किंवा पोर्टलवर कागद मागते. तेव्हा पण आधार मास्क केलेलं द्यायचं, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते, आधारच्या साईटवरून मोफत डाउनलोड होतं. कुठे नंबरच हवा असेल तर सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी काढता येतो, नंतर नवीन काढला की जुना बाद. आधारवरचे बोटांचे ठसे लॉक करून ठेव, लागतील तेव्हा उघडता येतात. आणि यूएएनचा ओटीपी कुणी फोनवर विचारला तर सरळ कट कर, जुन्या नोकरीची हिस्टरी तू स्वतः डाउनलोड करून पाठवू शकतोस.

आधीच पाठवलं असशील (तुझ्या पत्राच्या सुरावरून मला तसंच वाटतंय) तर क्रेडिट रिपोर्ट काढ, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात तू न घेतलेलं कर्ज दिसतंय का बघ. इन्कम टॅक्सच्या साईटवर तुझ्या पॅनवर कुणी पगार दाखवलाय का तेही बघ. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या साईटवर तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं. पैसे गेले असतील तर वाट न बघता 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे, शाळेने अपार आयडीचा संमतीचा फॉर्म पाठवलाय आणि शिक्षिका रोज विचारतात. सक्तीचं आहे का? – सांगली

उत्तर: अपार म्हणजे शिक्षणाच्या सगळ्या नोंदी जोडणारा विद्यार्थ्याचा एकच नंबर, आणि तो सक्तीचा नाही. पालकांची लेखी संमती लागते, संमती लागते याचाच अर्थ नाही म्हणता येतं, आणि दिलेली संमती मागे पण घेता येते. बाईंवर चिडू नका, त्यांच्यावर वरून टार्गेट असतं. आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश अडवता येत नाही हे तर सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2018 च्या निकालातच सांगून टाकलंय.

माझं मत विचाराल तर दहावी-बारावीच्या मुलांनी काढून घ्यावं, पुढे कॉलेज बदललं, मधेच शिक्षण सुटलं, ऑनलाइन कोर्स जोडला तर सगळं एका नंबरखाली राहतं, फायदा आहे. तिसरीच्या पोरीला घाई कसली? तोपर्यंत एक काम करा, शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं एकसारखं आहे का ते बघा, कारण अपार अडकतं ते मुख्यतः तिथे, आणि शाळेचं रजिस्टर आत्ता दुरुस्त करणं सोपं, शाळा सुटल्यावर फार कटकटीचं.

प्रश्न: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, पुणे. गिटहब, सगळे कोर्स, लिंक्डइन, चार वर्षांचा ड्राइव्ह, सगळं कॉलेजच्या मेलवर आहे. निकालानंतर मेल बंद करणार म्हणे.

उत्तर: करणार म्हणजे करणारच, आणि तारीख कुणी सांगत नाही. आजच बस. प्रत्येक साईटवर सेटिंगमध्ये स्वतःचा मेल जोड, तो मुख्य कर, मग कॉलेजचा काढ, याच क्रमाने, उलटं करू नको. गूगलच्या टेकआऊटमध्ये शाळा-कॉलेजच्या खात्यातलं ड्राइव्ह आणि मेल स्वतःच्या खात्यात कॉपी करायची सोय आहे, कॉलेजने बंद केली नसेल तर एका रात्रीत होऊन जातं. कोर्सची सर्टिफिकेटं नुसती पीडीएफ ठेवू नको, पडताळणीची लिंक पण जपून ठेव, एचआर लिंक उघडून बघतात. पेपर वगैरे लिहिला असशील तर ओर्सिड म्हणजे संशोधकांचा ओळख नंबर काढ, तो नंबर कॉलेज बदललं तरी तुझाच राहतो.

नोकरी लागल्यावर कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं जीमेल, डिजिलॉकर उघडू नको. कंपनीने तुझ्याच फोनवर अ‍ॅप टाकायला सांगितलं तर अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल वेगळं करून त्यातच टाक, नोकरी सुटली की ते प्रोफाइल उडवलं जातं आणि तुझे फोटो जागेवर राहतात.

प्रश्न: मी म्युनिकला असतो. इथे युरोपचं डिजिटल वॉलेट येतंय. माझी पुण्याची डिग्री त्यात टाकता येईल का? डिजिलॉकर आहेच की आपलं, मग फरक काय?

उत्तर: प्रश्न झकास आहे. डिजिलॉकर 1 जुलै 2015 ला सुरू झालं आणि त्यातलं जारी केलेलं कागदपत्र कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. पण त्याची रचना अशी की कागद विद्यापीठाच्या किंवा बोर्डाच्या नोंदीतून ओढला जातो आणि मधे सरकारी यंत्रणा बसलेली असते. युरोपचा 2024 चा नियम सांगतो की 2026 संपेपर्यंत प्रत्येक सदस्य देशाने नागरिकांना आणि रहिवाशांना वॉलेट उपलब्ध करून द्यायचं, त्यात विद्यापीठ डिजिटल सही करून दाखला देणार, तो तुमच्या फोनमध्ये राहणार आणि समोरच्याला दाखवताना त्यातलं हवं तेवढंच दाखवता येणार. वय अठराच्या वर आहे एवढंच सांगायचं, जन्मतारीख नाही. डिग्री आहे एवढंच सांगायचं, कुठल्या सेमिस्टरला एटीकेटी लागली होती ते नाही! सही तपासायला समोरच्याला विद्यापीठाला फोन करावा लागत नाही, म्हणजे तुम्ही कुठे कुठे अर्ज करताय ते विद्यापीठाला पण कळत नाही. मला यातली ही बाजू सगळ्यात आवडते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काहीच नाही असंही नाही, आधारचा ऑफलाइन क्यूआर डिजिटल सही केलेलाच असतो, आणि नव्या आधार अ‍ॅपमध्ये निवडक माहिती शेअर करता येते. पण डिग्रीच्या बाबतीत तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर नाही असंच आहे. पुण्याच्या विद्यापीठाची सही युरोपच्या वॉलेटने ओळखायची तर दोन्हीकडच्या सरकारांनी एकमेकांच्या सह्या मान्य करायला हव्यात, ते वॉलेट आल्या आल्या आपोआप होणारं नाही. तोवर जर्मनीत जुनाच रस्ता, अनाबिन या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन यादीत विद्यापीठ आणि डिग्री शोधायची, नसेल किंवा मालकाला कागदच हवा असेल तर झेडएबी या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून समकक्षतेचं पत्र घ्यायचं. त्यासाठी डिग्रीची आणि मार्कशीटची स्पष्ट स्कॅन लागते, आणि डिग्री मराठीत छापलेली असेल तर भाषांतराचं आधी विचारून घ्या, आणि पुण्यात कुणी घरचं माणूस असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज या महिन्यातच टाकायला सांगा.