अमेरिकेत हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारी सरकारी मदत हातात येते का?

तुमच्या नातेवाइकांचा न्यूयॉर्क राज्यातला अर्ज मंजूर झालाय, पण बँकेत काहीच जमा नाही, म्हणून विचारताय. बँकेत ते पैसे बहुधा येणारच नाहीत.

ही कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची योजना म्हणजे 'लाइहीप', 1981 च्या केंद्रीय कायद्यातली. न्यूयॉर्कमध्ये नुसतं 'हीप' म्हणतात. केंद्र राज्यांना ठोक निधी देतं आणि राज्य ती रक्कम थेट गॅस, वीज किंवा तेल कंपनीला भरतं. पुढच्या बिलावर ती 'क्रेडिट' म्हणून, म्हणजे बिलातून वजा झालेली दिसते. कंपनीच्या खात्यावर थकबाकी असेल तर क्रेडिट त्यातच जिरतं, आणि घरच्यांना वाटतं काही मिळालंच नाही. तेव्हा मागचं आणि पुढचं बिल शेजारी ठेवून बघा. हीटिंग भाड्यातच धरलेलं असेल तर मात्र छोटी रक्कम थेट भाडेकरूला मिळते.

खरी अडचण तेल जाळून गरम होणाऱ्या घरांची. तेलवाला योजनेत नोंदलेला नसेल तर मंजुरी असूनही तेलाची गाडी येत नाही. बरेच तेलवाले 100 गॅलनपेक्षा कमी तेलासाठी फेरीच मारत नाहीत. घरची टाकी साधारण 275 गॅलनची असते. काटा पावच्या खाली गेला की न्यूयॉर्कमध्ये तातडीच्या मदतीसाठी अर्ज करता येतो, तेव्हाच करा. टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते, तळाचा गाळ फिल्टरमध्ये जातो, आणि तेल आल्यावरही बर्नर पेटत नाही. मग मेकॅनिकचा खर्च वेगळा.

जोडणी तोडण्याची नोटीस आली असेल तर तीही तातडीतच मोडते. अशा वेळी अर्ज केल्यापासून 48 तासांत, जिवाला धोका असेल तर 18 तासांत काहीतरी सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. वाट बघत बसू नका, सरळ हीपच्या कार्यालयात फोन करा. घर गरम करणारी भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर फिरतो, म्हणून विजेच्या बिलाची नोटीसही दाखवा.

उत्पन्नाची मर्यादा: दारिद्र्यरेषेच्या 150 टक्के किंवा राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी घरं ज्याच्या वर, निम्मी खाली) 60 टक्के, यातली जी जास्त तिच्यापर्यंत राज्याला जाता येतं. इथे कर कापण्याआधीचा पगार धरतात. हातात येणारा आकडा लिहून मोकळे होणारे पुष्कळ, आणि मग पगाराच्या स्लिपशी आकडा जुळत नाही. ग्रीन कार्डवाले पात्र ठरू शकतात. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेले नाहीत.

निधी मोजका असतो. संपला की अर्ज घेणं बंद. 2025 मध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं तेव्हा तो राज्यांकडे उशिरा पोचला होता.

एक शेवटचं तपासा: अर्जात दिलेला गॅस, वीज किंवा तेल कंपनीचा खाते क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी अंकन्‌अंक जुळतो का. घर बदललं की हा क्रमांकही बदलतो.