येझदीचा जुना डिपर टाकू नका, आधी उघडून बघा

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांची १९७८ची येझदी मोटारसायकल, डिपर (हेडलाइटचा झोत वर-खाली करणारा स्विच) दाबला की हेडलाइट मिचमिचतो, हँडल वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो, आणि मेकॅनिक म्हणतो की आजच्या गाडीचा स्विच बसवून देतो. बसवू देऊ नका. आणि त्यानं जुना स्विच काढला असेलच, तर तो आजच मागून घ्या, कबाड्याकडे गेला की संपलं.

हे दोन वेगळे बिघाड आहेत. हॉर्नचा सोपा. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नपर्यंत करंट आधीच पोचलेला असतो, बटण फक्त अर्थिंग देतं, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडून करंटची वाट पुरी करतं. हँडलच्या भोकाच्या कडेला घासून वायरची साल निघाली की तांबं हँडलला टेकतं आणि बटण न दाबता हॉर्न वाजतो. टेप गुंडाळून चार महिने निघतील. वायर नवी घाला आणि भोकात रबरी बुश बसवा. हँडल पावडर कोट करून आणणाऱ्यांचं उलटं होतं. रंगामुळे अर्थिंगच मिळत नाही, हॉर्न मुका होतो आणि ते नवा हॉर्न आणतात. स्विचच्या क्लॅम्पखाली नखाएवढा रंग खरवडला की काम होतं.

डिपरचं दुखणं मात्र नीट समजून घ्या. तुमची गाडी ६ व्होल्टची. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर जवळजवळ ६. स्विचच्या आतल्या, करंट जोडणाऱ्या पत्तीवर काजळी साचून ०.१ ओहम अडथळा झाला तरी अर्धा-पाऊण व्होल्ट तिथेच जिरतो, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं उतरतो, दहा टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास एक तृतीयांश उजेड जातो. लोक म्हणतात जुन्या गाड्यांचा लाइट मेणबत्तीसारखा. पुष्कळदा दोष या पत्तीचा असतो. हेडलाइट लावून व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक स्विचच्या आत येणाऱ्या वायरला आणि दुसरं बाहेर जाणाऱ्या वायरला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर स्विच उघडायला हवा.

उघडण्याआधी वायरींच्या रंगांचा फोटो काढा आणि काम मोठ्या ताटात, खाली कापड अंथरून करा. खटका देणारा छर्रा आणि त्याखालची स्प्रिंग उडतेच. छर्रा हरवला तर सायकलच्या दुकानात मिळतो, जुना मोजून न्या. स्प्रिंग बॉलपेनची कापून चालते, पण फक्त खटक्यासाठी. जिच्यातून करंट जातो तिथे ती वापरू नका, तापून मऊ पडते.

पत्त्यांवरचं ग्रीस रॉकेलनं काढा. हिरवा गंज असेल तर पत्ती सुटी करून चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा. एमरी पेपर नको, त्यानं पत्ती पातळ होते आणि ओरखड्यांत पुन्हा काजळी धरते. पेन्सिलचा खोडरबर पुरतो. शेवटी व्हॅसलीनचा पुसट हात. पत्ती मोडलीच असेल तर पातळ पितळ कापून लावू नका, त्याला लवचीकपणा नसतो. जुन्या रिलेतली फॉस्फर ब्राँझची पत्ती घ्या. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, पत्ती फार तापली तर तिची ताकद जाते. स्विचमधल्या बॅकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) चकतीला तडा असेल तर अरल्डाइट लावा. बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की वितळत नाही, म्हणून गरम सळईनं सांधायचा प्रयत्न व्यर्थ आहे.

म्हणून माझं सांगणं असं की आतलं सगळं करता येतं, स्विचचं बाहेरचं धातूचं खोकं करता येत नाही. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. इंदूरजवळ आपल्या पीथमपूरला २०१८पासून नव्या जावा बनतात, पण त्या १२ व्होल्टच्या, त्यांचा स्विच आपल्या कामाचा नाही. हेडलाइटची १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि बारीक स्क्रू इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील. खोकं पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत शोधावं लागतं. तिथे आत काय आहे ते बघू नका. क्लॅम्पचे दात, स्क्रूचे आटे आणि बटणाचं भोक तपासा. येझदीचं हँडल २२ मिलिमीटरचं, काही जुन्या इंग्लिश गाड्यांचं एक इंचाचं असतं, ते खोकं भरीव पट्टी घालूनही नीट बसत नाही.

क्रोम करायला देताना जपा. ही खोकी बहुधा जस्ताच्या ओतकामाची असतात. मी एकदा माझं खोकं मडगार्डांबरोबरच दिलं. लोखंडासाठीच्या अॅसिडमध्ये बुडवल्यामुळे ते खड्ड्याखड्ड्यांचं होऊन परत आलं आणि त्यावरची अक्षरं बफिंगमध्ये गेली. ती चूक मला आजही टोचते. जस्तावर आधी तांब्याचा थर चढवणाऱ्यालाच द्या, नाहीतर नुसतं पॉलिश करून ठेवा.

माझ्याकडे राजेंद्रनगरला येझदीचं एक रिकामं खोकं आहे, आटे शाबूत. तुमच्या खोक्याला तडा निघाला तर येऊन घेऊन जा.