प्रथिनांकडे धावण्याआधी

आख्खी आवर्तसारणी पाठ करत बसू नकोस. जीवरसायनाला सुरुवातीला सहाच मूलद्रव्यं पुरतात: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक. कार्बनचे बंध चार, नायट्रोजनचे तीन, ऑक्सिजनचे दोन, हायड्रोजनचा एक. एवढं डोक्यात असलं की वहीत काढलेल्या रेणूतली चूक बहुतेक वेळा लगेच दिसते.

खरा वेळ घाल तो हायड्रोजन बंधावर, म्हणजे ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनला जवळच्या दुसऱ्या ऑक्सिजन-नायट्रोजनची जी ओढ असते तिच्यावर. क्लासवाले हा भाग घाईत उरकतात, मला ते पटत नाही. अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या सहसंयुज बंधापुढे तो फारच दुबळा, साधारण विसाव्या हिश्श्याचा. पण प्रथिनाची, म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळीची, घडी टिकते ती अशाच पुष्कळ दुबळ्या ओढींवर. अंडं उकडून बघ (घरी चालत नसेल तर मित्राकडे!). पांढरं घट्ट होतं तेव्हा अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध शाबूतच असतात. मोडते ती घडी, आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात.

वीस अमिनो आम्लांची नावं सावकाश होतील. आधी पाण्यात रमणारी कोणती, पाणी टाळणारी कोणती, ते बघ. मग इन्सुलिन हे छोटं प्रथिन घे: २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, गंधकाच्या पुलांनी बांधलेल्या.

भौतिकशास्त्र घेतलंय म्हणून बिचकू नकोस. वेंकटरामन रामकृष्णन यांनी आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्रातच बी.एस्सी. केलं, रायबोसोमच्या संशोधनासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. पेशीत प्रथिनं रायबोसोमवरच जोडली जातात. तो धडा मात्र इन्सुलिन वहीत काढून झाल्यावरच उघड.