विश्व सगळीकडे सारखंच कसं?

प्रश्न : आकाशात विरुद्ध दिशांना पाहिलं तरी विश्वाचं तापमान सारखंच भरतं म्हणे. त्या भागांची कधी गाठच पडली नसेल, तर हे जमलं कसं?

नेमकी दुखरी नस पकडलीत. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. तापमान २.७२५ केल्विन. आपल्या स्वतःच्या गतीचा परिणाम वजा केला, तर दिशेनुसार फरक उरतो तो लाखात एक भागाच्या आसपास. पण तो प्रकाश निघाला तोवर एकमेकांपर्यंत पोचू शकलेले प्रदेश आज आकाशात जेमतेम एक-दोन अंशांत मावतात. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे तीन-चार चंद्र ओळीने मांडले की पलीकडचं सगळं परकं!

१९८१ साली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गूथ यांनी तोड सुचवली. हे सगळं आधी एका इवल्याशा भागात होतं, तिथे तापमान एकसारखं झालं आणि मग अवकाश निमिषार्धात अफाट फुगलं. मला यातली खरी जमेची बाजू वाटते ती त्या उरलेल्या फरकाची. फुगताना पुंजीय चढउतारही, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीवर आपोआप होणारे ऊर्जेचे कमीजास्तपण, ताणले गेले आणि पुढे त्यांच्याभोवतीच दीर्घिका जमल्या. तरी फुगवटा कशामुळे सुरू झाला, हे अजून कोडंच आहे.

प्रश्न : मग भौतिक स्थिरांकही, म्हणजे निसर्गनियमांतले ठरलेले आकडेही, त्यामुळेच सगळीकडे सारखे?

इथे गल्लत होते. तापमान ही पदार्थाची अवस्था, स्थिरांक हा नियमाचाच भाग. ते सारखे असल्याचं मोजून कळतं. का, ते प्रचलित सिद्धान्तातून निघत नाही. स्थिरांक अवकाशभर पसरलेल्या एखाद्या भौतिक क्षेत्रावर (चुंबकीय क्षेत्रासारख्या) अवलंबून असतील, तर फुगवट्यानं तेही एकसारखे केले असतील. पण हा जर-तरचा मामला.

प्रश्न : पूर्वी ते वेगळे नव्हते कशावरून?

गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीवरून. १९७२ मध्ये तिथल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५चं प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरलं. एवढ्याशा तुटीवरून छडा लागला, की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे निसर्गाचीच अणुभट्टी चालली होती. अशा भट्टीत तयार होणारं समॅरियम-१४९ हे अणुकेंद्रक न्यूट्रॉन गिळतं ते एका नेमक्या ऊर्जेला, आणि विद्युतबल किंचित जरी बदललं तरी ती ऊर्जा सरकते. ओक्लोतले अवशेष मात्र आजच्याच हिशेबाशी जुळतात. क्वासारांच्या, म्हणजे अतिदूरच्या अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या, प्रकाशातल्या रेषांवरून बदलाचे दावे झाले, पण ते टिकले नाहीत.

प्रश्न : प्रकाशाचा वेग बदलतोय का?

१९८३ पासून तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा व्याख्येनंच ठरवला आहे. मीटरच त्यावर बेतलेलं. तेव्हा विचारायचंच तर विद्युतबल किती जोरदार ते सांगणाऱ्या, एककं नसलेल्या सूक्ष्मरचना स्थिरांकाबद्दल विचारा. तो सुमारे १/१३७ आहे, आणि हाच आकडा का, हे कुणालाही सांगता आलेलं नाही.