मत पटलं नाही म्हणून डाउनव्होट द्यावा का?

तुम्ही विचारलंय की इंटरनेटवरच्या प्रश्नोत्तरांत एखाद्याचं मत पटलं नाही तर डाउनव्होट (म्हणजे उत्तराला खाली ढकलणारा नापसंतीचा कौल) द्यावा का, आणि आपल्यालाच मिळाला तर त्यातून काय समजायचं. माझ्या मते डाउनव्होट द्यावा तो पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ नये म्हणून. आपला राग कळवायला तो वापरू नये.

मुंबईतलंच बघा. बाहेरगावच्या कुणी विचारलं, "वांद्रे टर्मिनसहून रात्रीची गाडी आहे, लोकलने कुठे उतरू?" आणि एकाने ठोकून दिलं, "वांद्र्याला उतरा, बाहेर पडलात की समोरच टर्मिनस." हे साफ चूक. लोकलचं स्टेशन वेगळं, टर्मिनस वेगळं, मध्ये चांगलंच अंतर आहे. त्यापेक्षा खारला उतरून पादचारी पुलाने थेट टर्मिनसला जाता येतं. सोबत लहान मूल, हातात दोन बॅगा आणि गाडी सुटायला पंधरा मिनिटं, असा माणूस त्या उत्तरावर विसंबला तर त्याची गाडी गेलीच. इथे बिनधास्त डाउनव्होट द्या, उत्तर कितीही गोड भाषेत लिहिलेलं असो. आणि खाली एक ओळ लिहा: खारला उतरा, पूल आहे.

आता बेस्टचं घ्या. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, एसीचं ६ वरून १२. समजा कुणी लिहिलं, वाढ योग्यच होती, २०१९ मध्ये ८ चे ५ केले होते, तेवढ्यात खर्च भागणं शक्यच नव्हतं. मला हे पटत नाही. जाता-येता दोन-दोन बस बदलणाऱ्या घरकामाच्या ताईंना दिवसाला कमीत कमी २० रुपये जास्त पडतात आणि ते मला बोचतं. तरी मी डाउनव्होट देणार नाही. आकडे खरे आहेत, कारण दिलंय, विषय सोडलेला नाही. माझा २० रुपयांचा हिशेब मी खाली मांडेन. ते उत्तर तळाला ढकललं तर भाडं का वाढलं हे वाचायला आलेल्याला एकच बाजू दिसेल.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एखाद्या उत्तराला डाउनव्होट दिला की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात आणि देणाऱ्याचाही १ जातो. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण बोट टेकवण्याआधी माणूस क्षणभर थांबतो. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या शिष्टाचारात पटलं नाही म्हणून डाउनव्होट देऊ नका असं लिहिलेलं आहे, पण देणाऱ्याचं तिथे काहीच जात नाही, त्यामुळे ते पाळतं कोण!

नुसत्या डाउनव्होटने माणूस सुधारतो असंही नाही. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह चार मोठ्या संकेतस्थळांवरच्या प्रतिक्रिया तपासल्या. नापसंती मिळालेले लोक पुढे जास्त लिहीत होते, आधीपेक्षा वाईट लिहीत होते आणि इतरांनाही जास्त नापसंती देत होते. म्हणूनच कारणाची ती एक ओळ मला इतकी महत्त्वाची वाटते.

शिवीगाळ असेल तर डाउनव्होट देत बसू नका, सरळ तक्रार करा.

तुमच्या उत्तराला डाउनव्होट पडला असेल तर आधी माहिती पुन्हा तपासा. चूक सापडली तर दुरुस्त करा आणि काय बदललं तेही लिहा. नाही सापडली तर उत्तर तसंच राहू द्या, काढून टाकू नका.